फुलांचे दगड: आधी ओळख, मग उचल, आंघोळ सगळ्यात शेवटी

फुलाची नक्षी असलेला दगड हाती लागला की बहुतेक जण तो आधी नळाखाली धरतात. मग ब्रशने खसाखसा घासतात, तेलाचा हात फिरवतात, फोटो काढतात आणि नंतर विचारतात, ‘हा नक्की कसला दगड आहे?’ तोवर सांगण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. भेगेतली माती गेलेली, पाकळ्यांच्या कडा बोथट झालेल्या, तेलाने रंग बदललेला आणि दगड नेमका कुठून उचलला तेही धूसर. मी स्वतः एकदा जिप्सम या मऊ खनिजाच्या पाकळ्यांचा गुलाब रात्रभर बादलीत भिजत ठेवला होता. सकाळी तळाशी वाळूचा थर होता आणि हातात कडा झिजलेला एक गोळा.

पुढच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. यातली कुठलीच पायरी अवघड नाही. नुकसान होतं ते क्रम उलटा केल्याने.

## १. फूल दगडात कसं बसलेलं असतं ते आधी समजून घ्या

कदंबाचं फूल आठवा. सगळीकडून गोल, मधल्या गाभ्यातून चहूबाजूंनी निघालेले केसर. दगडातली बरीचशी फुलं अशीच असतात. एका बिंदूपासून स्फटिक वाढू लागतात आणि जागा मिळेल तिकडे पसरतात. त्यातून गोळा तयार होतो. दगड फुटला किंवा कापला की त्या गोळ्याचा एक छेद आपल्याला दिसतो, आणि त्यालाच आपण फूल म्हणतो.

छेद बरोबर मधून गेला असेल तर गाभ्यापासून निघालेल्या लांब पाकळ्या दिसतात. थोडा बाजूने गेला तर पाकळ्या आखूड आणि तुटक दिसतात, गाभा दिसतच नाही. अगदी कडेने गेला तर नुसते पांढरे ठिपके. त्यामुळे ‘फूल अर्धवट आहे’ म्हणून फेकलेल्या दगडात दोन सेंटिमीटर आत पूर्ण फूल असू शकतं. उलटंही होतं. पृष्ठभागावर पूर्ण उमललेलं फूल अजून छान दिसावं म्हणून घासत बसलात, तर गाभा ओलांडला जातो आणि फूल पुन्हा लहान होत जातं. घासलेला दगड परत भरता येत नाही.

काही फुलं मात्र खरोखरच चपटी असतात, कारण ती दोन थरांमधल्या फटीत वाढलेली असतात. अशा फुलाच्या मागे काहीही नसतं, ते घासायचं नाही.

अजून एक सवय लावून घ्या. साडीत जशी जमीन आणि तिच्यावरचे बुट्टे, तसे इथे दोन भाग असतात: आधाराचा खडक म्हणजे जमीन आणि तिच्यात वाढलेलं फूल. नवखा माणूस फूल बघतो. ओळख पटते ती जमिनीवरून.

## २. घरातून निघण्याआधी

पहिली गोष्ट परवानगी. जमीन कोणाची आहे, ती संरक्षित क्षेत्रात येते का, तिथून दगड नेता येतात का, हे निघण्याआधी विचारायचं. नियम ठिकाणागणिक बदलतात आणि ‘एकच तर उचलला’ हे उत्तर कुठेच चालत नाही. जपानमधल्या गिफू प्रांतातल्या नेओ खोऱ्यातले शेवंती दगड, म्हणजे शेवंतीसारखी नक्षी असलेले, जगप्रसिद्ध आहेत, पण तिथला मूळ खडक विशेष नैसर्गिक स्मारक आहे. तो फोडता येत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात सरकारी जमिनीवरून पेटोस्की दगड उचलता येतात, पण एका माणसाला वर्षाला २५ पौंड, म्हणजे साधारण ११ किलो, एवढीच मर्यादा आहे. पेटोस्की हा खरं तर प्रवाळाचा जीवाश्म आहे, आणि अनेक देशांत जीवाश्मांचे नियम खनिजांपेक्षा कडक असतात. दगड काय आहे हे ओळखण्याची गरज अशी कायद्यापासूनच सुरू होते.

खाण चालू असो की बंद, मालकाच्या लेखी परवानगीशिवाय आत जायचं नाही. बंद खाणीच्या कडा ढासळतात.

सामान फार लागत नाही, पण जे लागतं त्याला पर्याय चालत नाही:

- भूशास्त्रीय हातोडी. सुताराची हातोडी नको. तिचं पोलाद खिळ्यासाठी असतं, खडकावर तिचे तुकडे उडू शकतात.
- पोलादी छिन्न्या, एक रुंद आणि एक टोकदार.
- डोळे बाजूंनीही झाकणारा चश्मा, हातमोजे, बंद बूट. कड्याखाली काम असेल तर हेल्मेट.
- दहापट मोठं दाखवणारं भिंग, गळ्यात दोरी घालून.
- पाण्याची फवारणीची बाटली.
- तांब्याची तार, पोलादी चाकू, काचेचा छोटा तुकडा.
- वही, पेन्सिल, पुसला न जाणारा मार्कर, चिठ्ठ्या, मोजपट्टी.
- वर्तमानपत्रं, फुगेवाला प्लास्टिक कागद, झाकणाचे छोटे डबे.

पेन्सिल मुद्दाम लिहिली आहे. ओल्या चिठ्ठीवर शाई पसरते, पेन्सिल टिकते.

तपासा: परवानगी मिळाली? कुठे जाताय आणि कधी परतणार हे कोणाला सांगितलंय? चश्मा पिशवीत तळाशी नाही ना? तळाशी असलेला चश्मा कोणी घालत नाही.

## ३. जागेवर पोचल्यावर: हात मागे बांधून बघा

पहिली पंधरा मिनिटं हातोडी बाहेर काढू नका. नदीचं पात्र, समुद्रकिनारा, कड्याच्या पायथ्याचा ढीग, नुकताच खोदलेला रस्ता, अशा ठिकाणी सुटे दगड पडलेले असतात. निसर्गाने फोडून दिलेलं आधी बघायचं. पुरानंतर पात्र आणि ओहोटीच्या वेळी किनारा चांगला, मात्र पाणी पूर्ण ओसरल्यावर आणि भरतीची वेळ माहीत करून घेऊनच.

कोरड्या दगडावर धूळ आणि झिजेचा राखाडी थर असतो, त्यात नक्षी लपते. फवारणीच्या बाटलीने थोडं पाणी मारा, फूल एकदम उठून येईल. इथेच बहुतेकांची फसगत होते. ओला दगड सगळ्यांनाच सुंदर दिसतो. नदीकाठी काळ्याभोर जमिनीवर पांढरंशुभ्र फूल दिसतं आणि घरी पोचेपर्यंत राखाडीवर राखाडी. म्हणून ओला बघितलात की तो सावलीत ठेवून कोरडा होऊ द्या आणि परत बघा. कोरड्यातही पाकळ्या वेगळ्या दिसत असतील तर तो उचलण्यालायक. दिसत नसतील तर तो पॉलिश केल्यावरच खुलेल, हे गृहीत धरून निर्णय घ्या.

सुट्या दगडात एक उणीव असते: तो मूळ कुठला हे कळत नाही. कडा धारदार असतील तर तो जवळूनच आलेला आहे, गुळगुळीत गोटा असेल तर बराच वाहत आलाय. धारदार तुकडे सापडले की चढाच्या दिशेने जा. ते कुठून गळताहेत तो थर सापडतो.

हलवण्याआधी फोटो काढा: एक लांबून, परिसर दिसेल असा, एक जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. फोनमधून जागेचे अक्षांश-रेखांश लगेच वहीत उतरवा.

## ४. जागेवरची ओळख: जमिनीकडून फुलाकडे

हा टप्पा सावकाश वाचा, कारण चुका इथेच होतात. ‘पांढरं फूल, काळा दगड’ एवढ्यावरून नाव ठरवलं की चारातल्या तीन वेळा ते चुकीचं निघेल.

काळी, बारीक कणांची जमीन, चाकूने ओरखडा उठतो. ही बहुधा चुनखडी किंवा चिखलमिश्र चुनखडी. चीनच्या हुनान प्रांतातल्या लिउयांगचा शेवंती दगड याच जातीचा, पर्मियन काळातल्या, म्हणजे साधारण तीस ते पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या, थरांतला. फुलं मुळात सेलेस्टाइटची, म्हणजे स्ट्राँशियम सल्फेटची. पण अनेक दगडांत मूळ सेलेस्टाइट विरघळून त्याच्या साच्यात कॅल्साइट, म्हणजे चुनखडी ज्याची बनते ते खनिज, किंवा गारगोटीच्या जातीचं सिलिका भरलेलं असतं. आकार जुना, माल नवा. त्यामुळे ‘शेवंती दगड म्हणजे सेलेस्टाइट’ असं चिठ्ठीवर डोळे मिटून लिहायचं नाही. चाचणी सहाव्या टप्प्यात आहे. पाकळ्या इथे गाभ्याकडे निमुळत्या असतात, बाहेर रुंदावतात आणि त्यांची लांबी सारखी नसते.

काळपट-हिरवट जमीन, चाकूने ओरखडा उठत नाही, पाकळ्या आयताकृती पट्ट्यांसारख्या. हा ज्वालामुखीचा खडक आणि पाकळ्या फेल्डस्पार या कठीण खनिजाच्या. लाव्हा थंड होण्याआधीच हे स्फटिक वाढले आणि एकमेकांना चिकटून झुबके झाले. कॅनडातल्या टेक्साडा बेटावरचा फुलांचा दगड असाच. ओळखीची खूण म्हणजे पाकळीचं टोक: ते चौकोनी तुटल्यासारखं असतं, निमुळतं नसतं. भिंगाखाली तुटलेल्या सपाट पृष्ठभागावर बारीक समांतर रेषा दिसल्या तर तो प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार, शंका नको. इथे एका बिंदूतून फूल क्वचितच उमलतं. पट्ट्या एकमेकींवर आडव्यातिडव्या पडलेल्या असतात.

काळी काच, कडेला शिंपल्यासारखी तुटलेली. ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखी काच. तिच्यातली राखाडी-पांढरी ‘हिमफुलं’ क्रिस्टोबलाइट या सिलिकाच्या खनिजाची असतात. काच हळूहळू स्फटिकरूप होऊ लागते तेव्हा ती उमटतात. पाकळ्या स्पष्ट नसतात, धूसर फराटे असतात. याची कड ब्लेडसारखी कापते, हातमोज्याशिवाय बोट लावू नका.

रंगीत, मेणचट चकाकीची, काचेवर सहज ओरखडा काढणारी जमीन. जास्पर किंवा तत्सम सिलिका. फुलं म्हणजे गोल डोळे आणि त्यांच्याभोवती कडी. मादागास्करचा ओशन जास्पर यातला सगळ्यांत परिचित. इथे जमीन आणि फूल दोन्ही जवळपास सारखेच कठीण असतात, म्हणून पॉलिशला हा सगळ्यात सोपा.

जमीनच नाही, पाकळ्यांचाच गुलाब, अंगात वाळू. वाळवंटी गुलाब. तो जिप्समचा असतो किंवा बराइट या जड खनिजाचा, आणि दिसायला दोन्ही सारखे. नखाने ओरखडा उठला तर जिप्सम. न उठला आणि आकाराच्या मानाने हातात जड लागला तर बराइट. ओक्लाहोमा राज्याचा अधिकृत खडक म्हणून मिरवणारा गुलाब बराइटचा आहे. हा फरक आत्ताच करा, कारण जिप्समला पाणी चालत नाही.

पातळ थरांचा काळा शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला खडक, त्यात सोनेरी चकती. पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचा सूर्य. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या स्पार्टा गावचे प्रसिद्ध आहेत. वर सांगितलेली चपटी फुलं ती हीच.

राखाडी कठीण जमिनीत सहा पाकळ्यांचं, चकचकीत अभ्रकी फूल. जपानमधल्या कामेओका इथला ‘साकुरा’ दगड याच प्रकारचा. मूळ कॉर्डिएराइटचा स्फटिक बदलून अभ्रक झालेलं असतं. फूल नखानेही ढळू शकेल इतकं मऊ असतं. ब्रश अजिबात नको.

आता फूल नसून फुलासारखं दिसणारं. भेगेच्या सपाट पृष्ठभागावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली तर ती मँगनीज ऑक्साइडची असते. ते जीवाश्म नव्हे आणि फूलही नव्हे. दुसरा गोंधळ प्रवाळाचा. एकाच आकाराच्या, एकमेकांना चिकटून बसलेल्या षटकोनी घरांची रांगच्या रांग असेल आणि प्रत्येक घरात मध्याकडे जाणाऱ्या रेषा असतील तर ते प्रवाळाचं जीवाश्म. पेटोस्की तो हाच. ढोबळ नियम असा: जिवंत प्राण्याने केलेली नक्षी मापात असते, स्फटिकांची फुलं लहानमोठी आणि विस्कळीत असतात. पाच टोकांची छोटी चांदणी दिसली तर ती क्रिनॉइड या समुद्री प्राण्याच्या देठाची चकती असू शकते.

सावधान: केसासारख्या बारीक, सुटणाऱ्या तंतूंचं फूल दिसलं तर त्याला फुंकर मारू नका, कोरडा ब्रश लावू नका, तिथे फोडाफोडही करू नका. ट्रेमोलाइट आणि अॅक्टिनोलाइटचे तंतू ॲस्बेस्टॉस असू शकतात. एरिओनाइट नावाचं तंतुमय झिओलाइट तर सिद्ध झालेलं कर्करोगकारक आहे. तुर्कस्तानातल्या कापादोकियामधल्या काही गावांनी त्याची किंमत मोजली आहे. भिंगाखाली तंतू ओळखता येत नाहीत. प्रयोगशाळेशिवाय खात्री होत नाही, म्हणून असा नमुना जागेवरच सोडा.

## ५. उचलणं

सुटा दगड असेल तर प्रश्नच नाही. खडकात बसलेलं फूल काढायचं असेल तर हा क्रम:

आधी खडकातल्या नैसर्गिक भेगा शोधा. फुलाच्या सर्वांत जवळच्या दोन भेगा सापडल्या तर निम्मं काम झालं. भेगा नसतील आणि खडक एकसंध असेल, तर खरं सांगतो, सोडून द्या. एकसंध बेसॉल्टमधून हातोडीने अख्खं फूल काढलेलं मी पाहिलेलं नाही. चुरा झालेली फुलं पुष्कळ पाहिली आहेत.

मग फुलाभोवती मार्करने रेघ आखा, फुलाच्या टोकापासून निदान चार-पाच सेंटिमीटर दूर. फूल गोळा आहे हे विसरू नका, खोलीतही तेवढीच जागा सोडायची.

टोकदार छिन्नीने रेघेवरून उथळ चर पाडा. एका जागी जोरात मारण्यापेक्षा संपूर्ण रेघेवरून हलक्या हाताने तीन-चार फेऱ्या. छिन्नीचं तोंड नेहमी फुलापासून बाहेरच्या बाजूला कललेलं. चर पुरेसा खोल झाला की रुंद छिन्नी भेगेत घालून हळूहळू उचकटा. तुकडा हलायला लागला की मारणं थांबवा आणि हाताने सोडवा. शेवटचा एक घाव घालायचा मोह होतो, आणि बहुतेक फुलं त्याच घावात फुटतात.

सावधान: हातोडीवर हातोडी मारू नका. दोन कठीण पोलादी तोंडं एकमेकांवर आपटली की तुकडा गोळीसारखा उडतो. छिन्नीचं डोकं फुलारलं असेल तर ती आधी घासून घ्या. कड्याखाली एकाच्या वर दुसऱ्याने काम करायचं नाही.

तुकडे पडले तर सगळे गोळा करा, खपल्यासुद्धा. एका डब्यात एकाच दगडाचे तुकडे. जोडायचं की नाही ते घरी ठरवू.

लगेच, तिथेच, चिठ्ठी लिहा: क्रमांक, तारीख, जागा, जमीन कसली वाटली, सुटा होता की खडकातून काढला. दगडाच्या मागच्या बाजूला तोच क्रमांक मार्करने. ‘घरी गेल्यावर लिहू’ म्हणणाऱ्याच्या कपाटात नाव-गाव नसलेल्या दगडांचा ढीग असतो. माझ्याकडेही एक आहे, आणि तो मी कोणाला दाखवत नाही.

गुंडाळताना फुलाचा चेहरा आधी मऊ कागदात, मग वर्तमानपत्रात. पिशवीत दोन फुलं समोरासमोर येऊ देऊ नका. खणलेला खड्डा बुजवा, चुरा वाटेतून बाजूला करा.

तपासा: जितके दगड तितक्या चिठ्ठ्या? चष्मा, छिन्नी, भिंग परत पिशवीत?

## ६. घरच्या चाचण्या, अजून न धुता

चाचणी नेहमी मागच्या बाजूला किंवा खपलीवर करायची, फुलाच्या चेहऱ्यावर कधीही नाही. खपल्या गोळा करायला सांगितलं ते यासाठीच.

काठिण्य. ते मोझच्या १ ते १० या मापावर मोजतात; आकडा मोठा तो कठीण. नख सुमारे २.५, तांब्याची तार ३, चाकू आणि काच ५.५ च्या आसपास. जिप्सम २, कॅल्साइट ३, सेलेस्टाइट आणि बराइट ३ ते ३.५, फेल्डस्पार ६, गारगोटी ७. ओरखडा उठला असं वाटलं तर बोटाने पुसा. पुसला गेला तर तो दगडावरचा ओरखडा नव्हता, धातूचीच भुकटी होती. ही चूक अनुभवी लोकही करतात.

आम्ल. कॅल्साइट आणि सेलेस्टाइट काठिण्यात इतके जवळ आहेत की तारेने फरक कळत नाही. इथे एक थेंब आम्ल लागतं. १० टक्क्यांचं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल पाकळीच्या खपलीवर टाका. बुडबुडे फसफसून आले तर कॅल्साइट, काहीच झालं नाही तर सेलेस्टाइट किंवा सिलिका, आणि त्या दोघांतला निर्णय चाकू करेल: सेलेस्टाइटवर ओरखडा उठतो, सिलिकावर नाही. थेंब चुकून चुनखडीच्या जमिनीवर पडला तर ती फसफसणारच आणि पाकळीचं श्रेय जमीन घेऊन जाईल. म्हणून खपली फक्त पाकळीची हवी, भिंगाखाली निवडून घेतलेली.

हे आम्ल नको असेल तर व्हिनेगरही चालतं, पण त्यासाठी खपलीची पूड करावी लागते. बुडबुडे बारीक येतात, भिंगातून बघा. डोलोमाइटही पूड केल्यावर फसफसतो, तेव्हा अखंड तुकड्यावर आणि पुडीवर अशी दोन्ही चाचणी करा.

सावधान: आम्ल पातळ करताना नेहमी पाण्यात आम्ल, आम्लात पाणी नाही. चश्मा, हातमोजे, उघडी खिडकी. चाचणी झाली की खपली भरपूर पाण्याने धुवा.

जडपणा. वजनकाट्यावर पाण्याने भरलेलं भांडं ठेवा आणि काटा शून्यावर आणा. दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटिमीटर दगडाचं आकारमान. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा. ५४० ग्रॅमचा दगड आणि काट्यावर २०० आलं तर घनता २.७, म्हणजे चुनखडी-कॅल्साइटच्या घरात. सेलेस्टाइट जवळपास ४, बराइट ४.५, जिप्सम २.३. दगडात जमीन आणि फूल दोन्ही असतील तर येणारा आकडा दोघांचं मिश्रण असतो. एकट्या पाकळ्यांचा तुकडा किंवा अख्खा गुलाब असेल तेव्हाच ही चाचणी खरं बोलते. जिप्समच्या गुलाबाला बुडवणं काही सेकंदांत आटपा.

## ७. विकत घेतलेला दगड असेल तर

सगळेच डोंगरात जात नाहीत, आणि विकत घेण्यात कमीपणा नाही. फक्त बनावट फुलं पुष्कळ फिरतात: काळ्या दगडात खाचा पाडून त्यात पांढरा लेप भरलेली, रंगवलेली किंवा दुसऱ्या दगडाच्या पाकळ्या डकवलेली.

पैसे देण्याआधी दगड उलटा करा. खऱ्या फुलाच्या पाकळ्या दगडाच्या कडेवरून खाली वळतात आणि तिथे त्यांचा छेद दिसतो. एका चेहऱ्यावर दहा फुलं आणि कडेला एकही पाकळी नाही, हे संशयास्पद. भिंगाखाली पाकळीची कड बघा: खऱ्या पाकळीत स्फटिकाचे सपाट चकाकते भाग दिसतात आणि सीमा किंचित दातेरी असते, लेप सगळीकडे सारखाच, बारीक हवेच्या फुग्यांसह. सगळी फुलं एकाच मापाची असतील तर तेही खटकायला हवं.

विक्रेत्याची हरकत नसेल तर कापसाला अॅसिटोन लावून मागच्या बाजूला पुसा. रंग, लाख आणि काही डिंक सुटून कापसावर येतात. अतिनील दिव्याखाली डिंकाची रेघ निळसर-पांढरी चमकू शकते; पण कॅल्साइटही चमकतं, म्हणून फक्त चमक बघू नका, ती पाकळीच्या कडेकडेने रेघेसारखी धावते का ते बघा.

पाकळ्या उठावदार दिसाव्यात म्हणून त्यांच्याभोवतीची जमीन कोरून काढलेला दगड बनावट नसतो, तो कारागिरीचा असतो. लिउयांगमध्ये ही जुनी कला आहे. फूल खरं, उठाव माणसाचा. चिठ्ठीवर तसं लिहायचं, एवढंच.

## ८. आता धुवा

नाव ठरलं, क्रमांक पडला, मगच पाणी.

चुनखडी, फेल्डस्पारचा खडक, जास्पर, ऑब्सिडियन: कोमट पाणी, मऊ टूथब्रश, थेंबभर सौम्य साबण. एकदम गरम पाणी नको, तापमानाच्या धक्क्याने जुन्या भेगा उघडतात. वाळवणं सावलीत, कपड्यावर, निदान दोन दिवस.

जिप्समचा गुलाब: फक्त कोरडा मऊ ब्रश किंवा हवेचा फुगा. एक लिटर पाण्यात सुमारे दोन ग्रॅम जिप्सम विरघळतं, आणि नेमकं पातळ कडांचं आधी.

पायराइटचा सूर्य: पाणी नाही. ओला राहिला तर गंजतो, आम्ल सुटतं आणि चकतीखालचा शेलही खातं. अभ्रकी फुलाला फक्त हवा.

गंजाचे तांबूस डाग काढायला ऑक्झॅलिक आम्ल वापरा असा सल्ला सर्रास दिला जातो. गारगोटीपुरता तो ठीक आहे. चुनखडी किंवा कॅल्साइटवर ते वापरलं तर पृष्ठभाग खराब होतो, पांढरा थर बसतो, आणि ते विषारीही आहे. व्हिनेगरचंही तसंच: ‘नैसर्गिक आहे’ म्हणून लोक शेवंती दगड त्यात बुडवतात आणि फूल जमिनीच्या खाली खचतं.

तेल लावू नका. दोन दिवस झळाळी येते, मग धूळ चिकटून पिवळट थर होतो. पॉलिश न केलेल्या दगडाला ओल्यासारखा रंग हवाच असेल तर पातळ मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा हात द्या, तोही आधी मागच्या बाजूला करून बघून.

## ९. कापायचा असेल तर

थोडक्यात सांगतो, कारण यंत्राचं काम वाचून शिकायचं नसतं. आधी दगडाच्या सगळ्या बाजूंवरच्या पाकळ्यांची दिशा मार्करने आखा. सगळ्या रेघा मागे वाढवल्या की जिथे मिळतील तिथे गाभा. काप गाभ्यातून नव्हे, त्याच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडून घ्या. उरलेलं घासण्यात जातं.

घासताना ८०, २२०, ४००, ६०० असे कण क्रमाने. प्रत्येक टप्प्यानंतर दगड आणि हात दोन्ही धुवा, नाहीतर ८० चा एक कण ६०० च्या पॉलिशवर ओरखडे पाडतो. मऊ चुनखडीत सिलिकाचं फूल असेल तर जमीन लवकर झिजते आणि पाकळ्या वर उरतात. दाब कमी करा आणि कठीण, सपाट पाटावर घासा.

सावधान: कापणं आणि घासणं कायम ओलं. सिलिकाची कोरडी धूळ फुप्फुसात साठते आणि सिलिकोसिस बरा होत नाही. योग्य प्रतीचा मास्क घाला. चिखल वाळण्याआधी पुसून घ्या, वाळला की तो पुन्हा धूळच.

## १०. ठेवण

मागच्या बाजूला पांढऱ्या नेलपॉलिशचा छोटा ठिपका, त्यावर काळ्या बारीक पेनने क्रमांक, वर पारदर्शक नेलपॉलिशचा हात. वहीत त्या क्रमांकासमोर जागा, तारीख, जमीन, फुलाचा व्यास, केलेल्या चाचण्या आणि त्यांचे निकाल. नावाची खात्री नसेल तर ‘कॅल्साइट?’ असं प्रश्नचिन्हासकट लिहा.

निळसर सेलेस्टाइट थेट उन्हात ठेवू नका, रंग उडू शकतो. जिप्सम आणि पायराइट कोरड्या बंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसोबत. दर दोन-तीन महिन्यांनी पायराइटचा डबा उघडून वास घ्या. गंधकासारखा आंबूस वास आला किंवा पांढरी-पिवळी भुकटी दिसली, तर तो दगड त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळा करा, डब्याचा कागद फेका आणि जवळचा प्रत्येक चुनखडीचा नमुना भिंगाखाली तपासा.